विरजण चालते, मग दही का चालत नाही?

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने निबंधाच्या वहीत एक वाक्य लिहिले होते, ‘समोरच्या मांडवातल्या डीजेमुळे परीक्षेच्या आदल्या रात्री माझ्या डोक्याचे दही झाले.’ त्यातल्या ‘डोक्याचे दही’ या शब्दांखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात शेरा होता, ‘टपोरी भाषा टाळावी.’ वही चाळत मी मागच्या पानांवर गेलो, तर तिथे व्याकरणाचा गृहपाठ होता आणि वाक्प्रचारांच्या यादीत सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते, ‘विरजण पडणे – उत्साहभंग होणे’. त्यापुढे बरोबरची खूण होती. विरजण पडल्यानंतर दुधाचे जे होते त्याला मराठी मुलखात दहीच म्हणतात, हे शेरा मारणाऱ्या बाईंनाही ठाऊक असणार; तरीही विरजण शिष्ट ठरले आणि दही टपोरी ठरले.

या निवाड्यामागे आपल्याकडे बऱ्यापैकी रुजलेली एक समजूत आहे. जुने वाक्प्रचार आणि म्हणी म्हणजे भाषेचे वैभव, आणि नाक्यावर, लोकलमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर तयार होणारे प्रयोग म्हणजे त्या वैभवाला लागलेली कीड, असे मानणारे लोक संमेलनांच्या व्यासपीठांवरही असतात आणि घराघरांतही असतात. मला असे वाटते, की या दोहोंची घडण एकाच हातची आहे आणि त्यांच्यातला फरक फक्त वयाचा व पत्त्याचा आहे. दोन्हींचे सामर्थ्य त्यांतल्या चित्रात असते. शाळेने जुन्या वाक्प्रचारांतले चित्र पुसून फक्त अर्थ ठेवला, आणि नव्या प्रयोगांतले चित्र अजून लख्ख दिसते आहे तर त्यांना वहीबाहेर काढले. कोशांनी आणि पाठ्यपुस्तकांनी हे उलटे करायला हवे, एवढाच या लेखाचा मुद्दा आहे.

दुधापासून सुरुवात झालीच आहे, तर थोडे दुभत्यातच राहू. वरिष्ठांची खुशामत करणाऱ्याला आपण ‘मस्का मारतो’ असे म्हणतो आणि तो प्रयोग अर्जात किंवा अग्रलेखात सहसा येऊ देत नाही, कारण त्याला इराण्याच्या हॉटेलातल्या पावाचा वास येतो. ‘मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे’ हा प्रयोग मात्र आपत्तीच्या मदतनिधीत कोणी हात मारला, की अग्रलेखात हमखास येतो आणि कोणाला तो खटकत नाही. आता दोन्ही चित्रे क्षणभर डोळ्यांसमोर आणावीत. एका चित्रात एक मनुष्य साहेबाच्या अंगाला, जणू तो भाजलेला पाव आहे असे समजून, सुरीने मन लावून लोणी फासतो आहे. दुसऱ्या चित्रात एक मनुष्य प्रेताच्या डोक्यावरचा लोण्याचा गोळा बोटाने निपटून तोंडात घालतो आहे. सभ्यतेच्या निकषावर यांतला कोणता प्रयोग मुलांच्या वहीत शोभेल, याचा निर्णय मी वाचकांवर सोडतो. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही तर चक्क एका छोट्या नाटकाची संहिता आहे. शेजारणीच्या दारात उभी असलेली बाई पदराआड गाडगे धरून हवापाण्याच्या गप्पा मारते आहे आणि घुसळण संपत आल्याचा आवाज ओळखून अधूनमधून आत डोकावते आहे. शाळेत या नाटकाचा अनुवाद ‘मूळ हेतू लपवणे’ असा करून देतात आणि ती बाई, ते गाडगे, तो संकोच हे सगळे तीन शब्दांत बाद होते.

नव्या प्रयोगांवर शब्ददारिद्र्याचा आरोप नेहमी केला जातो. तो तपासण्यासाठी एकट्या ‘डोके’ या शब्दाभोवती गेल्या काही दशकांत जमलेले कुटुंब पाहावे. डोक्याचे दही होते, डोक्याचा भुगा होतो, डोक्याची मंडई होते आणि डोक्याला शॉट लागतो. वरवर पाहता हे चारही त्रासाचेच प्रकार आहेत, परंतु जो माणूस दिवसभर हीच भाषा बोलतो तो यांची अदलाबदल करत नाही. दही होण्यासाठी काळ जावा लागतो. कोणी तरी संथपणे, न थांबता, तेच तेच बोलत राहिले की आतले पातळ विचार हळूहळू थिजतात आणि मग ते ओतता येत नाहीत. भुगा होण्यासाठी घासणे लागते, म्हणून तो हिशेबाने, फॉर्म भरण्याने, कार्यालयातल्या एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्याने होतो. मंडई होते ती अनेकांनी एकाच वेळी बोलल्याने. पुण्याची मंडई १८८६ सालापासून उभी आहे, आणि रविवारी सकाळी तिथे कोथिंबिरीच्या जुडीवरून चाललेली घासाघीस, टोपली डोक्यावर घेऊन ‘बाजू, बाजू’ करत येणारा हमाल, भावाची आरोळी आणि मागून येणारा रिक्षाचा हॉर्न एकदम कानांत शिरू लागले, म्हणजे हा प्रयोग करणाऱ्याने काय पाहिले असेल ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विजेच्या झटक्याला आपण बोलताना शॉटच म्हणतो, त्यामुळे डोक्याला लागणारा शॉट क्षणिक, अनपेक्षित आणि बाहेरून आलेला असतो. याखेरीज एखादा मनुष्य डोक्यात जातो आणि एखादे व्याख्यान डोक्यावरून जाते. केवळ एका प्रत्ययाच्या फरकाने चीड आणि अनाकलन या दोन वेगळ्या अवस्था दाखवणाऱ्या बोलीला दरिद्री म्हणण्याआधी आपल्या प्रमाण गद्यात ‘मानसिक ताण’ या एकाच शब्दाने आपण किती जागा भरून काढतो, तेही मोजावे.

आता शिष्ट मानल्या गेलेल्या प्रयोगांचा जुना पत्ता शोधू. ‘गाशा गुंडाळणे’ हा प्रयोग आज एखादी कंपनी बंद पडली की वृत्तपत्राच्या व्यापारविषयक पानावर येतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिराचे वस्त्र. पहाटेच्या अंधारात तळ उठला, की स्वार आपापला गाशा गुंडाळून पुढच्या मुक्कामाला निघत. ‘खोगीरभरती’ हाही त्याच पागेतला शब्द. खोगीर फुगावे म्हणून आत जे चिंध्याचांध्या कोंबतात ते भरताड, आणि आज आपण तो समित्यांतल्या निरुपयोगी सदस्यांसाठी आणि परिसंवादांतल्या लांबलेल्या भाषणांसाठी वापरतो. ऐन कामात ‘घोडे पेंड खाते’ तेही त्याच तळावरचे जनावर. हे प्रयोग कोणा पंडिताच्या लेखणीतून उतरलेले दिसत नाहीत. ती घोडी चारणाऱ्या, खरारा करणाऱ्या, रात्री शेकोटीभोवती एकमेकांची थट्टा करणाऱ्या माणसांची बोली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ती त्या काळच्या रिक्षा-स्टँडची भाषा होती. घोडदळ गेले, तळ उठले, आणि ज्यांच्या अंगाला घोड्याचा वास कधी लागला नाही अशा आपल्यासारख्यांच्या लेखी ती भाषा आपोआप भारदस्त झाली. घरात जमलेल्या मुलांना मी एकदा गाशा म्हणजे काय असे विचारले, तेव्हा एकाने गादी सांगितली, एकीने तंबू सांगितला आणि एकाने ‘काहीतरी गुंडाळायचे’ असे सावध उत्तर दिले. अर्थ सगळ्यांना येत होता.

‘गंडा घालणे’ या प्रयोगाचे भाग्य याहून विचित्र आहे. निवृत्त गृहस्थाच्या खात्यातून फोनवरच्या भामट्याने पैसे काढले, की दुसऱ्या दिवशी ‘लाखोंचा गंडा’ हा मथळा ठरलेला असतो. तो बातमीदाराला टपोरी वाटत नाही आणि वाचकालाही वाटत नाही. गंडा म्हणजे मंतरलेला, गाठी मारलेला दोरा. भीतीने किंवा आशेने पुढे केलेल्या मनगटावर कोणी तरी गंभीर चेहऱ्याने दोरा बांधतो, दक्षिणा घेतो आणि निघून जातो, हे चित्र समोर ठेवले म्हणजे ओटीपी विचारणाऱ्याच्या धंद्याला हाच शब्द इतका चपखल का बसतो ते कळते, कारण दोन्हीकडे माणूस आपणहून हात पुढे करतो. गंमत अशी, की शास्त्रीय संगीतात गुरू शिष्याला गंडा बांधतो तो सोहळा पवित्र मानला जातो आणि त्याचे छायाचित्र दिवाणखान्यात लावले जाते. दोरा एकच, पण बांधणारा कोण आहे यावर सगळे अवलंबून आहे.

‘वाट लागणे’ हा प्रयोग मात्र अजूनही पायरीबाहेर उभा आहे. परीक्षेची वाट लागली, रस्त्याची वाट लागली, असे आपण बोलतो, पण लिहिताना ‘दुरवस्था झाली’ असे सोवळे नेसतो. रस्त्याची वाट लागते या वाक्यातला विनोद आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. रस्ता आणि वाट एकच असताना रस्त्याला आणखी कोणती वाट लागायची? वाट लावणे म्हणजे एखाद्या वस्तूला मार्गस्थ करणे, तिचा निकाल लावून मोकळे होणे. महानगरपालिकेच्या निविदेत ‘घनकचऱ्याची विल्हेवाट’ असे जे शब्द असतात त्यांत हीच वाट बसलेली आहे. तेव्हा ठेकेदार कचऱ्याची विल्हेवाट लावतो ते सरकारी मराठी, आणि त्याच ठेकेदाराने रस्त्याची वाट लावली ही मात्र गावठी मराठी, असा आपला शिरस्ता आहे.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका प्रयोग ‘माशी शिंकणे’ हा आहे आणि तो शाळेच्या यादीत आहे, याचे मला कौतुक वाटते. ठरलेले लग्न अचानक मोडते, मंजूर झालेली फाईल परत येते, आणि कारण सापडत नाही तेव्हा ‘कुठे माशी शिंकली कोण जाणे’ असे म्हणतात. कार्यारंभी कोणी शिंकले तर अपशकुन, ही समजूत आधी घ्यावी लागते. मग घरातले सगळे शपथेवर सांगतात, की आपण शिंकलो नाही. मग उरते ती छपरावरची माशी. तिला नाक कुठे, ती शिंकेल कशी, आणि शिंकली तरी ऐकणार कोण? ज्याने हा प्रयोग प्रथम केला त्याने शकुन-अपशकुनाची भरपूर टिंगल केली आहे आणि ती शेकडो वर्षांच्या सभ्य वापरातही पूर्णपणे विझलेली नाही. ‘एखाद्या कामात अनपेक्षित अडथळा येणे’ असा अर्थ फळ्यावर लिहून, माशीकडे न पाहता पुढच्या वाक्प्रचाराकडे वळणाऱ्या वर्गातली मुले भाषेवर प्रेम कशी करणार?

नव्या प्रयोगांविरुद्ध दोन आक्षेप गंभीरपणे घ्यावे लागतात. पहिला असा, की हे प्रयोग अल्पायुषी असतात, दहा वर्षांत विरतात, मग त्यांची नोंद कशाला ठेवायची? मला हाच त्यांच्या तातडीच्या नोंदीचा सर्वांत मोठा आधार वाटतो. प्रयोग टिकतो आणि वस्तू जाते, असेही होते. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली, चार आण्यांची जागा घेणारे पंचवीस पैशांचे नाणेही जून २०११ अखेर चलनातून गेले, तरी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला आपल्या बोलण्यात शिजतोच आहे. चित्रपट ‘डब्यात गेला’ असे म्हणताना रिळांचा गोल पत्र्याचा डबा पाहिलेली पिढी अजून आहे. पुढच्या पिढीला तो जेवणाचा वाटेल. १९४८ च्या जूनपासून धावणाऱ्या एसटीच्या छताखालून गेलेली दोरी कंडक्टरने एकदा ओढली तर गाडी थांबे आणि दोनदा ओढली तर निघे, हे ज्याच्या कानांत आहे त्यालाच गप्पांची मैफल उठवताना ‘चला, डबल बेल द्या’ असे म्हणणाऱ्याची ऐट कळते. उसाच्या पट्ट्यात ‘काटा मारणे’ म्हणजे वजनात चोरी करणे. त्यावरून ‘काटामारी’ हा शब्द शेतकऱ्यांच्या आंदोलनांत आणि निवेदनांत आला, पण शहरातल्या वाचकाला तो काटा बाभळीचाच वाटण्याचा संभव आहे.

कोल्हापूरकडचा ‘जाळ अन् धूर संगटच’ हा प्रयोग या बाबतीत उदाहरणादाखल जवळून पाहण्यासारखा आहे. मोबाइलवरच्या मजकुरातून तो अलीकडे राज्यभर पसरला आणि कोणतीही धडाकेबाज गोष्ट झाली की लोक तो वापरतात. ज्याने चूल पेटवली आहे त्याला ठाऊक असते, की आधी धूर होतो. लाकूड ओलसर असले तर तो बराच वेळ होतो, फुंकणीने फुंकून डोळ्यांतून पाणी येते, आणि मग कुठे जाळ धरतो. आपल्याकडची बहुतेक कामे अशीच असतात, भरपूर धूर आणि नंतर जमला तर जाळ. तेव्हा जाळ आणि धूर एकदमच निघाले, मधला फुंकणीचा काळच गेला, ही अतिशयोक्ती मोठ्या निरीक्षणातून आलेली आहे. गॅसच्या शेगडीवर वाढलेल्या मुलांच्या तोंडी आज हा प्रयोग आहे आणि त्यांतल्या अनेकांना तो केवळ मोठा आवाज म्हणून आवडतो. हे चित्र समजावून सांगू शकणाऱ्या आजी अजून गावोगाव आहेत. ते लिहून घ्यायचे असेल तर आत्ताच घ्यायला हवे.

दुसरा आक्षेप असभ्यतेचा आहे आणि त्यात तथ्य आहे. कट्ट्यावरच्या पुष्कळ प्रयोगांत बाईला, तिरळ्याला, बहिऱ्याला, हळू बोलणाऱ्या मुलाला खिजवलेले असते, आणि ते ‘बोलीचे सौंदर्य’ म्हणून डोक्यावर घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. परंतु हा दोष नाक्याचा आहे असे म्हणणाऱ्याने आपली छापील यादीही उघडावी. ‘हातात बांगड्या भरणे’ हा वाक्प्रचार पिढ्यान् पिढ्या मुलींनीही वहीत उतरवला, ‘भित्रेपणा दाखवणे’ असा त्याचा अर्थ पाठ केला आणि बांगड्या भरलेल्या हातानेच उत्तरपत्रिकेत लिहिला. जातींची नावे घेऊन त्यांचा कथित स्वभाव सांगणाऱ्या म्हणी तर जुन्या संग्रहांत ओळीने बसलेल्या आहेत. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. वस्तीच्या पाटीवर जे खुपले ते म्हणीत इतकी वर्षे खुपले नाही, कारण म्हणीतले चित्र पाहण्याची सवयच आपण मोडून टाकली होती. प्रयोग शिष्ट की अशिष्ट, हे तो कुठून आला यावरून ठरवण्याऐवजी त्यातल्या चित्रात कोणाला काय केले जात आहे यावरून ठरवले, तर बांगड्यांचा प्रयोग मागे ठेवावा लागेल आणि दह्याला आत घ्यावे लागेल. डोक्याच्या दह्याने आजवर कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही.

चित्रे शोधण्याच्या या छंदात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. चित्र दिसले की मागे गोष्ट रचण्याचा मोह होतो. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ या प्रयोगामागची कथा सर्वांना पाठ आहे : १६६३ साली लाल महालावरच्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजकडे हाकलले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाच्या वाटेला लागले. ती आख्यायिका म्हणून सांगावी, मोहक म्हणून तिला पुराव्याचा दर्जा देऊ नये. ‘पोपट झाला’ या प्रयोगाच्या कानांवर येणाऱ्या उगमकथा तर एकमेकींशी जुळतही नाहीत आणि समाजमाध्यमांवर त्यांत दर महिन्याला भर पडते. नोंद करणाऱ्याने चित्र वेगळे लिहावे, लोक सांगतात ती कथा वेगळी लिहावी आणि छापील वा ध्वनिमुद्रित पुरावा असेल तर तो वेगळा लिहावा, एवढी शिस्त पाळली तर हा धोका आवाक्यात राहतो.

अशी नोंद करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली आणि गावाकडचा शब्द अडला की तो कोश आजही उघडला जातो. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोश पुरा केल्यानंतर वाक्संप्रदायांसाठी वेगळा कोश केला, त्याचे दोन भाग १९४२ आणि १९४७ साली आले. त्यानंतर मुंबईच्या लोकलने, साखर कारखान्याने, क्रिकेटने, सिनेमाने आणि मोबाइलने मराठीत ओतलेल्या प्रयोगांना त्या तोडीचे घर मिळालेले नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण गावोगाव जाऊन, ध्वनिमुद्रणासह केले, तेव्हा पद्धत आणि माणसे दोन्ही आपल्याकडे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि तेव्हापासून चर्चा प्राचीन ग्रंथांच्या संशोधनाची चालू आहे, ती व्हायलाच हवी. पण एकनाथांनी ज्या प्राकृताची बाजू घेऊन, ती काय चोरांपासून झाली, असा रोखठोक प्रश्न केला, ती प्राकृत त्यांच्या काळची रस्त्यावरचीच भाषा होती आणि त्यांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, गोंधळी आपापल्या बोलीसकट येतात. अभिजात निधीतला एक वाटा आजच्या वासुदेवांची बोली टिपण्यासाठी ठेवला तर त्यात विसंगत काही नाही. आणि पाठ्यपुस्तकात खर्च असा काहीच नाही. ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाशेजारी ‘या वाक्प्रचारात तुम्हाला कोणते चित्र दिसते ते दोन ओळींत लिहा’ एवढा एक प्रश्न वाढवायचा आहे.

भाचीच्या वहीकडे मी पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिले. तिने निबंधातले वाक्य खोडून ‘मला मानसिक ताण आला’ असे सुधारून दिले होते आणि त्यावर बाईंची सही होती. खाली नवा गृहपाठ होता, त्यात ‘विरजण पडणे’ याचा वाक्यात उपयोग करायचा होता. तिने लिहिले होते, ‘दह्याखाली लाल रेघ पाहून माझ्या उत्साहावर विरजण पडले.’ त्या वाक्याला दोनपैकी दोन गुण मिळाले होते.